माफीनंतरचा चहा

इथे परदेशात, टूनगॅबी उपनगरात, आमच्या शेजारच्या बाई नव्वदीच्या. त्यांची नजर अधू झाल्यापासून दर रविवारी त्यांना चर्चला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी हिंदू, तोही सणावारीच देवळात जाणारा. प्रार्थना संपेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून गुपचूप फोन बघायचो.

त्यांचे आई-वडील ज्यू घरांत जन्मले, पण बाईंच्या जन्माआधीच ख्रिस्ती झाले. बाईंचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. तरी नाझींच्या काळात युरोपातल्या त्यांच्या गावच्या चर्चने अशा कुटुंबांना आधी वेगळं बसवलं, मग ‘येऊच नका’ म्हणून सांगितलं. आईचा हात धरून दारातून परत फिरल्याचं त्यांना लख्ख आठवतं.

गेल्या वर्षी इथल्या पाद्रींनी ठरवलं, चर्चने या जुन्या पापाची जाहीर माफी मागायची. मला काही ते पटेना.

“कशाला शिळ्या कढीला ऊत? उगाच त्रास होईल तुम्हाला,” मी गाडीत म्हणालो.

“होऊ दे. मी त्यांचीच आहे, एवढं एकदा चर्चच्या तोंडून ऐकायचंय मला.”

पाद्री बाईंची हकीकत सांगून मनापासून बोलले. “ज्यांना आपण परकं ठरवलं, ते आपलेच होते,” म्हणताना त्यांनी डोळे पुसले. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. मीही रडलो, लपवत नाही.

मग हॉलमध्ये चहा. त्याच वर्षीच्या इस्टरपासून यायला लागलेली एक प्रेमळ सभासद पुढे आली, बाईंचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, “तुमच्यासारखी ज्यू पाहुणी आमच्या चर्चमध्ये येते, वी आर सो ऑनर्ड!”

बाई या चर्चमध्ये साठ वर्षं येतायत. “थँक यू, डिअर,” एवढंच म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. माझं डोकं फिरलं. त्या सभासदाला चांगलं सुनवायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी माझी बाही ओढली.

गाडीत म्हणाल्या, “तिच्यावर चिडू नकोस. शी मेन्ट वेल.” सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, “तुझ्या घरी माझा विषय निघाला, की मला काय म्हणता रे?”

ज्यू आजी. मी, बायको, मुलगी, सगळेच. इतकी वर्षं.

“आजी म्हणतो,” मी सांगितलं.