पॉइंटमधला कागद

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. दारू प्यायल्यावरही नाही — आणि एके काळी मी बरीच प्यायचो. आज का सांगतोय? ठाऊक नाही. छातीवर ओझं असतं, झोप उडते, असं लोक म्हणतात. माझं तसलं काही नाही. मी जेवतो, झोपतो, नातवंडांवर ओरडतो. तुम्ही समोर बसलात म्हणून सांगतो, एवढंच.

यशवंत आणि मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका केमिकल कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होतो. ऐंशी साल उलटून गेलं होतं. तो मूळचा वर कुडपणचा, पण बायकोला घेऊन पोलादपुरात माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. त्याची एक जुनी मोटरसायकल होती — त्याच्याआधी किती जणांनी पिदडली होती कोण जाणे. तो चालवायचा, मी मागे बसायचो. गाडीचं दुखणंखुपणं मात्र माझ्याकडे, कारण मी काही दिवस गॅरेजात हात काळे केले होते.

मग कारखान्यात कायमची एक जागा निघाली. आमच्या दोघांतलाच एक जण घेणार, असं मुकादम म्हणाला. सोमवारी पहिल्या पाळीला साहेब स्वतः येऊन ठरवणार होते. यशवंत माझ्यापेक्षा कामाला सरस होता. हे मला पक्कं ठाऊक होतं. तो मात्र म्हणायचा, "तुलाच घेतील रे, तू शिकलेला हायस."

रविवारी संध्याकाळी मी त्याच्या गाडीचे पॉइंट साफ करायला बसलो. पॉइंट म्हणजे दोन बारीक टिकल्या — त्या मिटतात, उघडतात, आणि त्यावर प्लगला करंट मिळतो. आधी पॉलिशपेपर फिरवायचा, मग दोन्हींच्या मधून कोरा कागद ओढून काढायचा, म्हणजे भुकटी निघून जाते. कोरा कागद हाताशी नव्हता. मी बिडीच्या बंडलाचा कागद फाडून घातला. तेवढ्यात लाइट गेली. ओढला तेव्हा कागद फाटला असणार — मला कळलं नाही. चाचपडतच झाकण लावलं आणि जेवायला गेलो. इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते, नाही का?

सकाळी गाडी चालू होईना. यशवंत किक मारून मारून घामाघूम झाला. प्लग काढला, पुसला, इंजिनाला टेकवून पुन्हा किक मारली. ठिणगी नाही. दुसरा प्लग लावला. तीच गत. एसटी केव्हाच निघून गेली होती. शेवटी तो बाजूला झाला आणि म्हणाला, "तूच बघ. माझं डोकं चालत नाय."

मी झाकण उघडलं. पॉइंटच्या मधे कागदाचा लाल कोपरा दिसत होता.

नखाने ओढला असता तर निघाला असता. गाडी पहिल्या किकला लागली असती आणि आम्ही दोघं वेळेत पोचलो असतो. मी किती वेळ बघत राहिलो? फार नाही. मनात काय होतं? तेच तर आठवत नाही. राग नव्हता. हेवा — असेल. पण तेव्हा काहीच जाणवलं नाही, आताही जाणवत नाही. मी झाकण लावलं, स्क्रू आवळले. म्हणालो, "पॉइंट चांगले हायत. कॉइल उडाली."

त्याने ते तपासून बघितलं नाही. तेवढ्यात खडीचा ट्रक आला. ड्रायव्हरशेजारी एकच जागा होती. यशवंतनेच हात केला, आणि मलाच वर ढकललं. "तू तरी जा. मी येतो मागनं."

साहेब आले, बघून गेले. मी हजर होतो. यशवंत आला तेव्हा सगळं आटपलं होतं. गाडीतली कॉइल सोडवून, रुमालात गुंडाळून, वाटेत मिळेल त्या गाडीने तो आला होता — बाजारात दाखवून घेऊ म्हणून. तसाच कॉइल हातात धरून तो गेटवर उभा होता. मी त्याला आतून बघितलं. त्याने माझ्याकडे बघून हसत मान हलवली.

संध्याकाळी मी कॉइल परत बसवली, त्याची पाठ वळताच कागद काढला. गाडी एका किकला लागली. "तुझ्या हाताला गुण हाय रे," तो म्हणाला. मग हेच तो सगळ्यांना सांगत सुटला. मला कायम केलं त्या दिवशी त्याच्या बायकोने आमच्याकडे शिरा पाठवला. मी तो खाल्ला.

पुढे तो मुंबईला गेला, कुठल्याशा गोदामात. बायको कुडपणला गेली. मी निवृत्त होईपर्यंत त्याच कारखान्यात होतो. घर बांधलं, मुलं शिकली.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही इथेच थांबायचं होतं. पण खरी गोष्ट अजून सांगितलेली नाही.

तो मुंबईला जाण्याआधी, पुढच्याच उन्हाळ्यात, दुसरी जागा निघाली होती. यशवंत अजून ठेकेदाराकडेच होता. रोज मला मागे बसवून आणायचा. साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "तो यशवंत तुमच्या शेजारीच राहतो ना? मुकादम त्याचं नाव घेतोय. माणूस कसा आहे?"

फक्त चांगला आहे म्हणायचं होतं. पण तो कायम झाला असता तर जन्मभर माझ्या शेजारी उभा राहिला असता — माझ्या हाताच्या गुणाचं कौतुक करत. ते मला नको होतं. तो डोळ्यांसमोरच नको होता.

"कामाला चांगला आहे साहेब," मी म्हणालो. "पण वेळेवर येईल याचा भरवसा नाही."

साहेबांनी मान डोलावली. पाळी सुटली तेव्हा यशवंत गेटबाहेर गाडी चालू करून माझी वाट बघत होता. मी मागे बसलो. सावित्री नदीच्या कडेने आम्ही घरी आलो. वाटभर तोच बोलत होता.