दुखतंय का?

घोणस चावल्यावर आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, पोटरीचं मांस काळं पडलं. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंना मेलेलं तेवढंच कापायचं होतं. म्हणून त्या सुई टोचत वर सरकायच्या आणि विचारायच्या, "दुखतंय का?" भेटायला आलेल्या भावकीसमोर आप्पा कसले कण्हतायत! "न्हाई," म्हणायचे आन् कपाळावरचा घाम पुसायचे. न दुखणारं ते मेलेलं असं धरत बाईंची कापायच्या खुणेची पेनाची रेघ गुडघ्याला भिडली, तसं माझं डोकं फिरलं. सगळ्या भावकीला मी चहाला पिटाळलं. बाईंनी पुन्हा खालून टोचायला घेतलं. दुसऱ्याच सुईला आप्पांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाई खूश झाल्या, तिथंच रेघ मारली. त्या रेघेखालचं काळं मांस तेवढं काढलं, बाकी सगळा पाय वाचला. आता त्याच पायानं आप्पा आमच्या राहू गावभर सांगत हिंडतात, "एवढ्या सुया टोचल्या, पर हूं का चूं केलं न्हाई!"