गायरानाची ओळ

पाटोद्याच्या पुढे, डोंगरातल्या एका गावात मी ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायला शिकवायला जात होते. गावात नेट नाहीच. शाळेत बसून वहीत लिहायचं आणि दुपारी देवळामागच्या टेकाडावर चढून, चार काड्या रेंज मिळाली की लॅपटॉपवरून चढवायचं.

शिकणाऱ्यांत मेंढरं राखणारी एक चाळिशीची बाई होती. सातवी शिकलेली. गावाच्या लेखात तिने एक ओळ घातली : गावाचं गायरान, म्हणजे जनावरं चारायची सरकारी जमीन, आता नांगरली गेली आहे. कुणी नांगरली ते लिहिलं नव्हतं. गावाला माहीतच होतं.

तिसऱ्या दिवशी, ज्याने गायरान नांगरलं होतं तो गावचा पुढारी दोन माणसं घेऊन टेकाडावर आला. "हे कुणी लिवलं?"

"मी शिकवलं," मी म्हणाले.

"मी लिवलंय," बाई म्हणाली. "खोटं हाय का?"

त्याने तिच्या कानशिलात लगावली. ती पडली, उठली. "खोटं हाय का, सांगा की!"

एकाने काठी उगारली. मी हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. दुसऱ्याने लॅपटॉप दगडावर आपटला, तुकडे होईपर्यंत. काठीच्या तिसऱ्या फटक्याला बाईचं कपाळ फुटलं. रक्त डोळ्यांत जात असतानाच तिने स्वतःची काठी पुढाऱ्याच्या गुडघ्यावर अशी हाणली की तो खाली बसला. "आणखी मार!" मी ओरडले. ते माझ्याच तोंडून निघालं, याची अजून लाज वाटते.

शिवारातली माणसं धावत आली, तेव्हा ते पळाले.

दवाखान्यात तिला टाके घातले, माझ्या हाताला प्लास्टर. तोवर ज्ञानकोशाच्या दूरच्या कुणा संपादकाने ती ओळ काढून टाकली होती. छापील पुरावा नाही, म्हणून. मी तिला भीतभीतच सांगितलं.

दोन दिवसांनी ती पेपर घेऊन माझ्या घरी आली. गायरानाच्या वादातून दोन महिलांना मारहाण, अशी बातमी होती.

"मॅडम, आता छापून आलंय. कसं जोडायचं ते सांगा."

मी सांगत गेले, ती माझ्या मोबाइलवर एका बोटाने टाइप करत गेली. ओळ परत लागली, खाली बातमीचा संदर्भ.

केस अजून चालू आहे. बाई आता गावातल्या इतर बायकांना शिकवते आणि मला फोन करून बोलावते. मी दर वेळी म्हणते, पुढच्या महिन्यात येते.