भागूनही तेवढाच

घरात तिला भिंगरी म्हणत. चहा प्यायची ती उभ्याने, फोनवर बोलायची ती जिन्यात, आणि कॉलेजात बीजगणित शिकवायची ती फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत. अशी बाई एकाच प्रबंधाला वर्षानुवर्षं चिकटून राहिली, याचं श्रेय तिच्या मार्गदर्शक सरांचं. ते तिला कान धरून खुर्चीत बसवत.

त्या सकाळी ती वर्गात नेहमीचंच सांगत होती. "गटातले काही घटक एकच मानले, की भागाकार गट मिळतो. तो हुबेहूब मूळ गटासारखा निघाला, तर समजा, आपण काहीच एक मानलेलं नाही. अर्थात, गट सांत असेल, त्याचे घटक कुठेतरी संपत असतील, तर." शेवटचं वाक्य सवयीने निघालं आणि खडू हातातच राहिला. प्रबंधातले तिचे गट अनंत होते. तिसऱ्या प्रकरणात हीच ओळ होती, पण सांत असण्याची अट नव्हती.

वर्ग रिकामा झाल्यावर तिने फळ्यावर पूर्णांकांचे न संपणारे क्रम मांडले. फक्त पहिल्या आकड्यात फरक असलेले क्रम एकच मानायचे, म्हणून पहिली जागा पुसली, उरलेले आकडे एकेक जागा पुढे सरकवले. पुन्हा तेच न संपणारे क्रम! एक अख्खी जागा गिळूनही गट जसाच्या तसा. म्हणजे प्रबंधातली ओळ चूक होती. शिवाय ती ओळ सरांची होती, ज्या शोधनिबंधाने त्यांचं नाव झालं त्यातली. तिने ती डोळे मिटून उचलली होती. आणि सर याच आठवड्यात निवृत्त होत होते.

मग ती सुटलीच. आधी बाइंडिंगवाल्याकडे धावली. "प्रबंधाचं काम थांबवा."

"अहो बाई, काल तर घोड्यावर बसून आला होतात!"

तिथून ग्रंथालय, तिथून कँटीन. सरांच्या दारापर्यंत जाऊन ती दोनदा माघारी फिरली. आईला फोन केला, तर आई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. जाता जाता त्यांना कशाला दुखवतेस?" तिला आईचा भयंकर राग आला. तिच्या मनातही नेमकं तेच होतं ना!

अखेर दुपार कलल्यावर ती आत शिरली. सर खोक्यात पुस्तकं भरत होते. तिने फळ्यावर क्रम लिहिले आणि पहिली जागा पुसली. सर बघत राहिले. मग खुर्चीत टेकले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला, तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"कधी कळलं?"

"सकाळी."

"मग आत्तापर्यंत कुठे होतीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, सर..."

"आता वाटतंय," सर म्हणाले. "चूक सापडल्यावर तू पळत माझ्याकडे येशील, असं मी धरून चाललो होतो."