लिफ्टला विरोध

आमच्या प्रतापनगरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच एक गृहस्थ राहतात. आपण जिना चढत असतानाच मागून दिवा बंद करतात आणि वर सांगतात, "काकू, पृथ्वी तापून राहिली ना!"

काल मीटिंगमध्ये लिफ्टचा ठराव त्यांच्या एका मतानं पडला. मी गुडघे धरून ओरडले, "काहून गा? मी का घरातच कोंडून राहू?"

"सुखसोयी थोड्या कमी कराच लागतील, काकू."

आज इतवारी बाजारातून आलेला माझा गव्हाचा कट्टा त्यांनी खांद्यावरून वर नेला. धापा टाकत खाली येऊन म्हणतात, "पाहा, लागली का लिफ्ट?"

"गहू गेले गा, मले कोण नेईन?"

तर हा माणूस खरंच पाठ वाकवून माझ्यापुढे बसला! पाठीवर घेतील मेले, पण लिफ्टला मत देणार नाहीत.