उतरा सगळे

असल्या गोष्टी वाचते मी, पण खऱ्या कधी मानल्या नाहीत. आम्ही बौद्ध. भूतखेत, अंगात येणं... बाबांनी घरात हे कधी चालूच दिलं नाही. म्हणून लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

मी सोनपेठहून परभणीला एसटीनं कॉलेजला जाते. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. पहाटे उठून घरचं आवरायचं, मग बस. आम्ही दहा-बारा पोरंपोरी रोज एकाच गाडीत असतो, पण सगळे दमलेले. कानात इअरफोन घालायचे आणि डोळे मिटायचे. त्या दिवशी माझा मोबाईल चार्जिंग संपून बंद पडला होता. तरी इअरफोन कानातच ठेवले होते — कुणी बोलायला येऊ नये म्हणून.

अर्ध्या वाटेत कानात आवाज आला. "उतरा सगळे, गाडी बंद पडली."

कंडक्टरकाकांचाच वाटला, फक्त फार थकलेला. एसटी बंद पडणं आम्हाला नवीन नाही. बॅग घेऊन उठले. बघते तर इअरफोनवाले सगळेच उठलेले... आणि गाडी तर चालूच!

"काय रे, हितं कुणाचं लग्न हाय का? बसा खाली!" कंडक्टरकाका ओरडले.

"तुमीच म्हणले ना काका, गाडी बंद पडली म्हणून," माझ्या शेजारची शीतल म्हणाली.

"मी? तोंड बी उघडलं न्हाई मी!"

ज्यांच्या कानात काही नव्हतं, त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. ते हसायला लागले. गोंधळ ऐकून ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली.

तिथं बाभळीखाली एक बाई बाळंतपणाच्या कळांनी तळमळत होती. साडी रक्तानं भिजलेली. शेजारी तिचा नवरा आणि पंक्चर झालेली मोटारसायकल. आम्ही तिला उचलून मागच्या लांब सीटवर झोपवलं. मग गाडी कुठंच थांबली नाही, थेट दवाखान्यात.

दुपारी कळलं, बाळ-बाळंतीण दोघंही वाचली. मुलगी झाली.

तिचा नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "लय गाड्यांना हात केला, ताई. कुणी थांबंना. मग हातच उचलंना झाला. तुमच्या बसला तर मी हात केलाच न्हाई. कसं थांबले तुमी?"

मलाच आजवर कळलेलं नाही.

"दिसलात खिडकीतून," मी म्हणाले.

त्यानं हात जोडले.

त्या दिवशी आमच्यापैकी एकानंही खिडकीबाहेर बघितलं नव्हतं.