तिच्या लग्नात वाढपी मी

आज सकाळी अकरा वाजता स्वातीच्या वडिलांनी तिची लग्नपत्रिका माझ्या हातात ठेवली आणि माझं सगळं संपलं.

मित्रांनो, कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा मी तिला एक जुनी फ्रेंच प्रेमाची कादंबरी दिली होती, मराठीत आलेली. ती परत आणायच्या निमित्तानं आज तिच्या गावी, आष्ट्याला गेलो. खरं तर तिचं लग्न ठरल्याचं कळलं म्हणून तात्यांशी, म्हणजे तिच्या वडिलांशी, भांडायलाच गेलो होतो.

तात्या म्हणाले, "जावई मिल्ट्रीत हाय. पंगत वाढायला तूच पुढं पायजेस रं गड्या!"

"व्हय तात्या," एवढंच तोंडातून निघालं.

स्वातीनं पुस्तक दिलं. "शेवट वाचवंना मला. काय करतो त्यातला हिरो शेवटी?"

"कायबी करत न्हाई."

सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी पुस्तक काखेत मारलं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.